चेन पडली होती

सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर निम्मा चढ उरकला की एका वळणावर ताकवाल्या मावशी बसलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे सायकल दगडाला टेकवून खाली वाकलो होतो आणि चेन न्याहाळत होतो. चेन जागच्या जागी होती. मावशी म्हणाल्या, "मागल्या ऐतवारी बी हितंच पडली हुती की तुमची चेन." मी गुमान ताक घेतलं.

घरी आल्यावर ॲपने चढाची वेळ दाखवली 58 मिनिटं. मनगटावरच्या घड्याळात मात्र एक तास नऊ मिनिटं झाली होती. मधली 11 मिनिटं 'ऑटो-पॉज'ने गिळली होती. मी ग्रुपवर 58 टाकून मोकळा झालो आणि दिवसभर अंगठे मोजत बसलो.

आमच्या हौशी सायकलवाल्यांत बरेच गैरसमज चालतात. ते अज्ञानातून आलेत असं मी पूर्वी समजायचो. आता वाटतं, अज्ञान असतं तर एखादा तरी गैरसमज आपल्या तोट्याचा निघाला असता.

गैरसमज : सायकल हलकी घेतली की घाट सोपा होतो.

हिशेबच मांडू. माझं वजन 74 किलो. सायकल, बाटल्या, बूट, हेल्मेट मिळून 11. एकूण ओझं 85 किलो. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत चढ साधारण 9 किलोमीटरचा आणि उंची सुमारे 600 मीटर. एवढं ओझं तेवढं वर न्यायला 500 किलोज्यूल काम करावं लागतं. तासाभरात करायचं तर जवळजवळ 140 वॉट नुसते गुरुत्वाकर्षणाशी भांडण्यात जातात. टायरचं घर्षण आणि वारा यांना आणखी पंधराएक वॉट पुरतात, कारण ताशी 9 किलोमीटरच्या वेगाला वारा फारसा विचारत नाही. म्हणून अशा चढावर कोणाच्या मागे चिकटून चालवण्यातही विशेष फायदा नसतो. सोबत मिळते, एवढंच.

आता सायकल एक किलोने हलकी केली, तर ओझं 85 चं 84 होतं आणि तासामागे वाचतात सुमारे 40 सेकंद. त्या एका किलोपायी लोक दोन-दोन पगार घालवतात. मीही कार्बनचा बाटलीचा स्टँड घेतला होता. वजन 40 ग्रॅमने कमी झालं, म्हणजे चढावर पावणेदोन सेकंद. त्याच रविवारी वर गेल्यावर पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, आणि कांदाभजीची दुसरी प्लेटही मीच मागवली. भूक लागली होती हे खरं. पण त्या चढाला खर्च झालेल्या कॅलरी पाचशेच्या आसपास. शरीराची कार्यक्षमता पाव किंवा त्याहून थोडी कमी असते, त्यामुळे पेडलवर जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच किलोकॅलरी जळतात. भज्यांनी त्यांची वाट अर्ध्या तासात लावली.

खाली उतरून वजनकाट्यावर उभं राहिलं की दीड किलो घटलेलं दिसतं. ते पाणी असतं. एक किलो चरबीत सात हजारांवर कॅलरी असतात. बायको म्हणाली, "संध्याकाळी परत उभा राहा." राहिलो नाही.

गैरसमज : मोठ्या गिअरवर रेटतो तो खरा सायकलवाला.

माझ्या सायकलला पुढचं लहान चाक 34 दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं 28 चं होतं. पेडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. सिंहगडाच्या चढाची सरासरी साडेसहा टक्के निघते, पण सरासरी फार गोड बोलते. मध्ये असे तुकडे येतात की वेग ताशी 6 किलोमीटरवर येतो. तेव्हा मिनिटाला पेडलचे फेरे किती, तर 39. म्हणजे प्रत्येक फेरा एकेक पायरी चढल्यासारखा. तितक्याच वॉटसाठी फेरे कमी केले की प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो. मग स्नायूंमधले झटपट आकुंचन पावणारे, लवकर दमणारे तंतू कामाला लागतात आणि साठवलेली साखर भराभर संपते.

सायकल दुरुस्त करणारा पोरगा दोन वर्षं सांगत होता, "काका, मागं 34 ची कॅसेट टाका." आमच्या ग्रुपात तिला पेन्शनरांची कॅसेट म्हणतात, म्हणून मी टाळत राहिलो. शेवटी टाकली. त्याच तुकड्यावर आता फेरे 48 बसतात, आणि चेन पडायची थांबली.

गैरसमज : पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे.

हे इतकं मुरलंय की मालिश करणाराही 'ॲसिड काढून देतो' म्हणतो. खरं तर जोर लावताना तयार होणारं लॅक्टेट थांबल्यावर तासाभरात नेहमीच्या पातळीला येतं. दुसऱ्या दिवशी दुखायला ते उरतच नाही. शिवाय तो कचरा नाही, इंधन आहे. कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ब्रूक्स यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट दुसरे स्नायू आणि हृदय जाळून वापरतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं, आणि ती इजा मुख्यतः स्नायू ताणला जात असताना जोर दिल्याने होते. गड पायी उतरल्यावर मांड्या धरतात, सायकलवर चढल्यावर तितक्या धरत नाहीत, त्याचं कारण हेच.

गैरसमज : जीव निघाल्याशिवाय सराव झाला असं म्हणू नये.

मुरलेले खेळाडू नेमका कसा सराव करतात याचा अभ्यास स्टीफन सायलर या संशोधकाने केला. त्यांच्या दहापैकी साधारण आठ सराव सोपे असतात, सहज गप्पा मारता येतील इतके सोपे. उरलेले दोन मात्र खरोखर कठीण. आमचं उलट. सोप्या दिवशी कात्रजच्या चढावर कोणीतरी पुढे गेलं की आमचा मान जागा होतो, आणि कठीण दिवशी पाय आधीच थकलेले असतात. सगळे दिवस मधल्यामध्ये जातात. दमणूक भरपूर होते आणि वेळ वर्षानुवर्षं तीच. शरीर सुधारतं ते विश्रांतीत, पण विश्रांतीचा आकडा ग्रुपवर टाकता येत नाही.

नाडीचंही तसंच. 220 वजा वय म्हणजे कमाल ठोके, हे सूत्र जिममध्ये भिंतीवर लावलेलं असतं. ते 1970 च्या आसपास ढोबळ आकडेवारीवरून काढलेलं आहे, आणि माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे. माझं वय 49, म्हणजे कमाल 171 हवी. घड्याळाने एकदा 183 दाखवले. मी आठवडाभर 'हृदय अजून तिशीतलं' म्हणून हिंडलो. कमाल ठोके जास्त असण्याचा आणि तंदुरुस्तीचा संबंध नाही, हे नंतर कळलं.

गैरसमज : चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढू.

नऊ किलोमीटर ताशी 9 ने चढलो, म्हणजे 60 मिनिटं. तेच ताशी 30 ने उतरलो, म्हणजे 18. एकूण 18 किलोमीटरला 78 मिनिटं, सरासरी जेमतेम 14. मनात मात्र 9 आणि 30 च्या मधला साडेएकोणीस असतो. उतारावर आणखी जीव धोक्यात घालून 40 ने आलो, तरी वाचतात साडेचार मिनिटं. मावशींच्या ताकाला मी त्याहून जास्त देत होतो.

येत्या हिवाळ्यात पहिली 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकलफेरी, करायची आहे. ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांत तिला साडेतेरा तास असतात, आणि त्यात पंक्चर, चहा, फोटो, सगळं धरतात. तिथलं घड्याळ थांबत नाही. ताशी 20 ने चालवलं तर दहा तास सायकलवर, साडेतीन तास बाकी सगळ्याला. म्हणून मी ऑटो-पॉज बंद केलाय आणि आता थांबण्याचाही सराव करतोय. गेल्या रविवारी घड्याळ लावून पिठलं-भाकरी खाल्ली. 24 मिनिटं, त्यातली नऊ भजी तळली जाईपर्यंतची.