बेलापूर कोर्टातले ‘साहेब’ कुठून येतात?

बेलापूरचं न्यायालय ठाणे जिल्ह्याचं. खारघरकरांना मात्र पनवेल, म्हणजे रायगड. दोन्हीकडे पहिली पायरी एकच : दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. सकाळी भाडेकरूचा दावा, दुपारी चोरीचा खटला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. निवड एमपीएससीमार्फत : पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. मराठी लिहिता-बोलता येणं सक्तीचं, हे उत्तमच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. प्रशिक्षण भाईंदरजवळच्या उत्तनला. पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. पण सात वर्षं वकिली केलेल्याला थेट या पदाची परीक्षा देता येते! बदल्या राज्यभर, बिऱ्हाड पाठीवरच. निवृत्ती साठीला.