पंपाशिवाय फिरणारे तेल

वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला बाहेरून पत्र्याच्या पन्हळी किंवा नळ्या असतात. आत गुंडाळ्यांजवळचे तेल तापते, प्रसरण पावून हलके होते आणि वर चढते. नळ्यांमध्ये निवले की खाली उतरते. पंप नाही, पंखा नाही. हेच मुक्त अभिसरण.

हे तेल किती जोमाने फिरेल, हे बरेचसे त्याच्या शुद्धगतिक श्यानतेवर अवलंबून असते. श्यानतेला घनतेने भागले की ती मिळते, आणि हा भागाकार चकित करणारा आहे. पाणी हवेच्या सुमारे ५५ पट श्यान, पण ८०० पटींहून अधिक घन. त्यामुळे २० अंश सेल्सिअसला पाण्याची शुद्धगतिक श्यानता सेकंदाला सुमारे १ चौरस मिलिमीटर, तर हवेची १५!

उत्प्लावक बल श्यान बलाला किती भारी पडते, ते ग्राशोफ अंक सांगतो. त्यात शुद्धगतिक श्यानतेचा वर्ग छेदात येतो. ती दुप्पट झाली, तर अंक चौथाईवर येतो. सुदैवाने तेल तापले की पातळ होते. भार वाढून उष्णता वाढते तेव्हाच अभिसरणही वेग घेते. म्हणूनच ट्रान्सफॉर्मरसाठी तेल निवडताना, ते विद्युतरोधक आहे ना, एवढेच पाहून भागत नाही.