‘कॅम्प’: मैदान, छावणी, पत्ता

उल्हासनगरात रिक्षात बसलात की पहिला प्रश्न येतो, ‘कुठला कॅम्प?’ एक ते पाच, यातला आकडा सांगायचा. पत्त्यातही आधी बॅरेक नंबर, मग कॅम्प नंबर.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘कॅम्पुस’, म्हणजे मोकळं मैदान. रोममध्ये अशाच एका मैदानावर सैन्याची कवायत चाले. त्यातून पुढे लष्करी तळ हा अर्थ रूढ झाला. कॉलेजचा ‘कॅम्पस’ आणि मैदान मारणारा ‘चॅम्पियन’ हेही याच घरातले. रक्तदानाचा कॅम्प मात्र संध्याकाळी आवरला जातो, कारण तात्पुरतेपणा हा या शब्दाचा एरवीचा स्वभाव.

उल्हासनगरात तो स्वभाव पालटला. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणचा लष्करी कॅम्प उभा राहिला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. १९४९ मध्ये उल्हास नदीवरून गावाला नवं नाव मिळालं, पण जुना शब्द लोकांनी सोडला नाही. सैनिकांसाठी तो मुक्काम होता. सिंध कायमचं सुटलेल्या कुटुंबांनी तिथे दुकानं थाटली, कारखाने काढले, मुलांची लग्नं लावली. ‘कॅम्प’चा ‘कायमचं घर’ हा अर्थ त्यांनी कष्टाने कमावलेला आहे. शब्दकोशात त्याला जागा मिळायला हवी.