पेट्रोलचा हिशेब

मुलांनो, मोटारसायकलचे ‘ॲव्हरेज’ हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी जितके किलोमीटर धावते, ते तिचे ॲव्हरेज.

समजा, तुमचे अब्बा महिन्याला १२०० किलोमीटर गाडी चालवतात. ॲव्हरेज ५० असेल तर २४ लिटर पेट्रोल लागेल. ६० असेल तर २० लिटर पुरेल. वाचलेल्या ४ लिटरच्या पैशांत तुमच्या वह्या येतील.

गाडी तीच, मग फरक का पडतो? वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा सुमारे चौपट होतो. चाकात हवा कमी असली की टायर दबतो आणि गाडी जड चालते. कच्च्या रस्त्यावरची धूळ एअर फिल्टरमध्ये साठते. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडीला सगळे वजन वर न्यावे लागते, म्हणून पेट्रोल जास्त लागते.

घाट उतरताना काही जण गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करतात. असे कधीही करू नये. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला आवरून धरते. ते नसले की सारा भार ब्रेकवर पडतो. पेट्रोलपेक्षा जीव महाग आहे.

तुमचे वय गाडी चालवण्याचे नाही. पण हिशेब ठेवणे तुम्हाला जमेल. टाकी पूर्ण भरली की मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. पुन्हा पूर्ण भरताना, मधल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरने भागा. उत्तर घटले, तर अब्बांना आधी चाकातली हवा तपासायला सांगा.