हे कशावरून?

महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्याला कष्टांचे वावडे नसते. दिल्लीच्या कोणत्याही वसाहतीत परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीनंतरही जळत असलेले दिवे याची साक्ष देतात. पुस्तक तीन-तीनदा वाचून होते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या जातात, मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून होतात. असे असूनही परीक्षागृहात एखादा प्रश्न थोड्या निराळ्या रूपाने समोर आला, की तोच विद्यार्थी गोंधळतो. घरी आल्यावर तो सांगतो, ‘मला सगळे येत होते, पण आयत्या वेळी सुचले नाही.’ आईवडील याला नशीब म्हणतात, शिक्षक घाबरटपणा म्हणतात. वस्तुतः या अपयशाचे मूळ पुष्कळदा अभ्यासाच्या पद्धतीतच असते. या प्रकरणात त्या पद्धतीचा विचार करावयाचा आहे.

दिल्लीतील एक प्रयोग

हुशार विद्यार्थी ओळखावा कसा, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर भारताला लवकरच पडला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची स्थापना दिल्ली येथे 1961 मध्ये झाली आणि दोनच वर्षांनी, 1963 मध्ये, परिषदेने विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ही योजना केवळ दिल्लीपुरती मर्यादित होती आणि अकरावीच्या अवघ्या 10 विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली. पुढील वर्षी ती सर्व देशाला लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या 350 वर गेली.

या योजनेतील निवडीची रीत लक्षात घेण्याजोगी होती. लेखी परीक्षेत विज्ञानविषयक अभिक्षमतेची चाचणी असे व दिलेल्या विषयावर एक निबंध लिहावा लागे. याशिवाय विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल सादर करावयाचा असे. या तिन्हींतून निवडलेल्या विद्यार्थ्यांची पुढे मुलाखत होई. चाचणीतून विद्यार्थ्याला काय माहीत आहे हे कळे, निबंधातून त्याला विचारांची संगती लावता येते किंवा नाही ते कळे. प्रकल्प आणि मुलाखत यांतून मात्र एक वेगळीच गोष्ट पारखली जाई. ती अशी, की एखादे विधान आपण का खरे मानतो, हे या मुलाला सांगता येते काय?

काळाच्या ओघात योजनेचे रूप पालटले. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर 1976 मध्ये तिचे क्षेत्र विस्तारले. सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांकडे जाणारे विद्यार्थीही तिच्यात सामावले गेले आणि निवडीचा भार मुख्यतः वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चाचण्यांवर आला. 1985 मध्ये परीक्षा राज्य आणि राष्ट्र अशा दोन पातळ्यांवर होऊ लागली. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत ‘प्रज्ञाशोध’ हा शब्द याच काळात रुळला. 2021 मध्ये ही योजना स्थगित झाली.

वस्तुनिष्ठ प्रश्नांना दोष देण्याचे कारण नाही. परीक्षार्थींची संख्या लाखांवर गेली की सर्वांना एकच माप लावणे न्यायाचे ठरते, आणि ते काम या प्रश्नांनी होते. परंतु चार पर्यायांतून एक निवडावयाचा असला की विद्यार्थी उत्तर घडविण्याऐवजी ओळखू लागतो. प्रकल्पाचा अहवाल आज त्याच्याकडे कोणी मागत नाही. म्हणून जे काम पूर्वी परीक्षक करून घेत असे, ते आता विद्यार्थ्याने स्वतःकडून करून घेतले पाहिजे.

ओळखणे आणि आठवणे

रस्त्यात भेटलेला चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे. पुस्तकाचेही तसेच असते. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर सहज समजतो आणि ‘हे मला येते’ अशी भावना निर्माण होते. ही भावना फसवी असते.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत उद्‌बोधक आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे वाचावयास दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचून, ते न पाहता जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचलेल्या मजकुरापैकी 81 टक्के आठवला आणि लिहून काढलेल्यापैकी 75 टक्के. वाचनाची सरशी झाली असे कोणालाही वाटेल. परंतु एका आठवड्यानंतर चित्र उलटे झाले. दोनदा वाचलेल्यापैकी 42 टक्केच उरले होते, तर आठवून लिहिलेल्यापैकी 56 टक्के टिकले होते. त्यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात, पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनाच आपल्या स्मरणाची अधिक खात्री वाटत होती, असेही दिसून आले.

यावरून निघणारा नियम साधा आहे. एक पाठ वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि आठवेल ते लिहावे. नंतर पुस्तक उघडून काय सुटले ते पाहावे. हेच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करावे. ही रीत त्रासाची आहे आणि आरंभी निराशाही करते, कारण आपल्याला किती थोडे येते ते ती लगेच दाखविते. तथापि परीक्षेच्या आदल्या रात्री ते कळण्यापेक्षा चार महिने आधी कळलेले बरे.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सरावही याच दृष्टीने करता येतो. प्रथम पर्याय झाकून उत्तर काढावे. पर्याय उघडल्यावर बरोबर उत्तरावर खूण करून न थांबता उरलेले तीन पर्याय का चुकीचे आहेत, ते एकेका वाक्यात सांगावे. चुकीचा पर्याय सहसा एखाद्या नेहमीच्या गैरसमजावर आधारलेला असतो. तो गैरसमज ज्याला ओळखता आला, त्याला तो प्रश्न पुढे कोणत्याही वेषात आला तरी अडवीत नाही.

सूर्य डोक्यावर येतो काय?

येथवर स्मरणाचा विचार झाला. परंतु चुकीची गोष्टही पक्की लक्षात राहू शकते. यासाठी अभ्यासाला दुसऱ्या एका सवयीची जोड हवी. मराठीत तिला एकच शब्द पुरतो. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’

एक उदाहरण घेऊ. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिल्लीतील एखाद्या विद्यार्थ्याने 21 जून रोजी गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, तर घड्याळात बारा वाजता त्या काठीची सुमारे 13 सेंटिमीटर लांबीची सावली पडलेली त्याला दिसेल. सूर्य डोक्यावर असता तर सावली पडलीच नसती. मग विधान खोटे ठरले काय? इतक्यात निर्णय देणे हाही उतावळेपणाच होय. कोणी आक्षेप घेईल, की घड्याळातील बारा म्हणजे दिल्लीची खरी माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि दिल्ली 77.2 अंशांवर आहे. आक्षेप रास्त आहे, तेव्हा दर पाच मिनिटांनी सावली मोजावी. ती लहान होत होत 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमारास सर्वांत आखूड होते, पण तेव्हाही सुमारे 9 सेंटिमीटर उरतेच. 21 डिसेंबरला तर माध्यान्हीची सावली काठीहूनही लांब, म्हणजे जवळजवळ 128 सेंटिमीटर भरते. दिल्लीचे अक्षांश 28.6 आहेत आणि सूर्य उत्तरेकडे 23.4 अंशांपलीकडे जात नाही. म्हणून दिल्लीत तो वर्षातील एकाही दिवशी बरोबर डोक्यावर येत नाही.

आता याच विद्यार्थ्याची पुण्यातील मावसबहीण काय सांगेल ते पाहू. पुण्यात मेच्या मध्याच्या सुमारास एके दिवशी माध्यान्हीला काठीची सावली नाहीशी होते आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा तसेच घडते. 21 जूनला पावसाळी ढगांनी सवड दिली, तर तिलाही जवळजवळ दिल्लीएवढीच, साडेआठ सेंटिमीटरची सावली मिळेल. परंतु दिल्लीची सावली उत्तरेकडे पडलेली असेल, तर पुण्याची दक्षिणेकडे. नुसती लांबी टिपून ठेवणारा विद्यार्थी म्हणेल, ‘दोन्हीकडे सारखेच.’ दिशाही टिपणाऱ्याला मात्र कळेल, की एके ठिकाणी सूर्य माथ्याच्या दक्षिणेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तरेला.

या लहानशा प्रयोगात चिकित्सक विचाराची सर्व अंगे आली आहेत. विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे? ते चूक असेल तर काय दिसावयास हवे? आपल्या मोजमापातच दोष नाही ना? आणि विधान खरे असेल तर कोठे व केव्हा खरे आहे? हे चार प्रश्न इतिहासाच्या पाठालाही विचारता येतात आणि अर्थशास्त्राच्या कोष्टकालाही.

दिल्लीचा जुना धडा

अशा वृत्तीचे एक भव्य स्मारक दिल्लीच्या मध्यभागी उभे आहे. सवाई जयसिंह यांनी 1724 च्या सुमारास तेथे वेधशाळा उभारली. आज ती जंतरमंतर या नावाने ओळखली जाते. ग्रहांची स्थाने देणारी प्रचलित कोष्टके आणि प्रत्यक्ष आकाश यांत जयसिंहांना तफावत आढळली होती. त्यांनी प्रथम पितळेची यंत्रे वापरून पाहिली. ती लहान होती आणि त्यांचे आस झिजून हलत असत. म्हणून त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली. पुढे त्यांनी पोर्तुगालला आपली माणसे पाठविली. तेथून आलेली द ला हिर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके नवी आणि नावाजलेली होती. जयसिंहांनी तीही आकाशाशी ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक दाखवून दिला. ग्रंथ स्वदेशी की परदेशी, जुना की नवा, हा प्रश्न त्यांनी गौण मानला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की जयसिंहांनी जुने ग्रंथ आधी परिश्रमाने आत्मसात केले होते. ज्याला कोष्टक माहीतच नाही, त्याला त्यातील चूक कशी सापडणार? पाढे, सूत्रे, सनावळ्या पाठ असणे हे विचाराचे भांडवलच आहे. घोकंपट्टीचा दोष एवढाच, की ती भांडवल जमवून तेथेच थांबते.

प्रश्न विचारण्याची किंमत

या सवयीचा उपयोग परीक्षेपुरता नाही. दिल्लीतील विद्यार्थ्याच्या आयुष्यातील पहिला मोठा खर्चाचा निर्णय बहुधा शिकवणी वर्गाचा असतो. वर्तमानपत्राचे अख्खे पान यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांनी भरलेले असते आणि त्यावर विसंबून एखादे कुटुंब आपली बचत मोडते. येथेही ‘कशावरून?’ हाच प्रश्न उपयोगी पडतो. शंभर मुले यशस्वी झाली, पण प्रवेश किती जणांनी घेतला होता? छायाचित्रातील मुलाने संपूर्ण अभ्यासक्रम तेथे पुरा केला की केवळ सराव परीक्षा दिल्या? तो अन्य वर्गांच्या जाहिरातींतही दिसतो काय? अशा जाहिरातींच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. नियम झाले हे चांगलेच, परंतु फसवणुकीपासून पहिले संरक्षण वाचणाऱ्याच्या स्वतःच्या प्रश्नातच असते.

एक शंका प्रामाणिकपणे विचारात घेतली पाहिजे. बारावीच्या वर्षात प्रत्येक विधानाची अशी छाननी करू लागल्यास अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? तो होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. आठवड्यातून एखादेच विधान निवडावे आणि त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा. वर्षाअखेर अशी चाळीस-पन्नास विधाने पूर्णपणे स्वतःची झालेली असतील. शिवाय प्रश्न विधानाला विचारावा, माणसाला नव्हे. शिक्षकांना निरुत्तर करण्यासाठी विचारलेल्या प्रश्नातून ज्ञान वाढत नाही. जे उत्तर मिळेल त्याने आपले मत बदलण्याची तयारी असेल, तरच प्रश्नाला अर्थ असतो.

1963 मध्ये दिल्लीतील त्या दहा विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली, ती निवडीच्या अशा कसोटीतून, की जिच्यात स्वतः केलेल्या कामाचा हिशेब द्यावा लागे. तो हिशेब मागणारी योजना आज स्थगित आहे. परंतु काठी, दोरी, कोरा कागद आणि उन्हाने तापलेली गच्ची या गोष्टी आजही प्रत्येकाला उपलब्ध आहेत. येत्या 21 जूनला जो विद्यार्थी बारा वाजता सावली मोजून खाली न येता तेवीस मिनिटे अधिक थांबेल, तो स्वतःचा परीक्षक झाला असे समजावयास हरकत नाही.