रंगावरचा फोड

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने मुंबईच्या टॅक्सीतळांवर दीर्घकाळ अंमल गाजविलेली छोटी फियाट कोणी जीर्णोद्धारासाठी काढली, की दाराखालच्या पट्टीवर रंगाचे बारीक फोड हटकून आढळतात. लोखंडाचा प्राणवायू व पाणी यांच्याशी संयोग होऊन उत्पन्न होणारा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापीत असल्यामुळे, भिंतीत शिरलेल्या पिंपळाच्या मुळीने गिलावा उचलावा, तसा तो रंगाचा थर आतून उचलतो. ही पट्टी वस्तुतः पोकळ पेटी असल्याने तीत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही, आणि सागरी हवेतील मिठामुळे ही क्रिया अधिकच शीघ्र होते. म्हणून फोड दृष्टीस पडतो तेव्हा पत्रा आतून बहुधा कुजलेलाच असतो. त्यावर लांबी भरून रंग फासणे ही तात्पुरती तजवीज, विक्रीपुरती तर फारच सोयीची! जाणता कारागीर मात्र कुजका भाग कापून नवा पत्रा सांधतो, कारण या गाडीला स्वतंत्र सांगाडा नसून पत्र्याचे कवच हाच तिचा आधार होय. नंतर जस्तयुक्त अस्तर देतात. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते. पोकळीत मेण फवारतात, पण पाणी निथळण्याची भोके तेवढी मोकळी ठेवावी लागतात.