आई-बाबांचा महिना आणि आपलं म्हातारपण: एकाच वहीतले दोन हिशेब

गावाकडून फोन आला की पैशाचा विषय सहसा शेवटी निघतो, "बाकी सगळं ठीक आहे" म्हणून झाल्यावर. बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आज आई-वडील गावी आणि मुलं पुण्याला, संभाजीनगरला, नाशिकला अशी वाटणी झालेली आहे. मुलांचा हिशेब साधारण एकाच पद्धतीचा असतो: मागितले की पाठवायचे आणि महिनाअखेर काही उरलं तर स्वतःच्या म्हातारपणासाठी टाकायचं. यात दोन्हीकडचं नुकसान होतं. आई-बाबांना पुढच्या महिन्यात किती येणार ते कळत नाही आणि आपल्या नावावर काही साठत नाही. यावर पगारवाढ होईपर्यंत थांबायची गरज नाही. कामांचा क्रम बदलला तरी बरंच जमतं. तो क्रम कसा लावायचा, ते पायरीपायरीने पाहू.

उदाहरणासाठी चिखली तालुक्यातलं एक घर धरू. वडील ७१ वर्षांचे, आई ६६ची. चार एकर कोरडवाहू वावर, आता ठोक्याने दिलेलं. मुलगा ३८ वर्षांचा, पुण्यात खासगी नोकरीत. आई-बाबांचा महिन्याचा खर्च १४,००० रुपये. हे आकडे मानलेले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या घरचे घाला.

पायरी पहिली: त्यांचे हक्काचे पैसे येतात का?

आपल्या खिशात हात घालण्याआधी आई-बाबांचं पासबुक छापून आणा आणि वर्षभराच्या नोंदी वाचा. शेतकरी कुटुंबाला केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळतात. म्हणजे महिन्याला १,००० रुपये. हप्ता थांबला असेल तर ई-केवायसी, आधारशी जोडलेलं खातं, शेतकरी ओळख क्रमांक आणि सातबारावरचं नाव, या चार गोष्टी आधी तपासा. मुलगा आयकर भरतो म्हणून वडिलांचा हप्ता बंद होतो, असा गैरसमज गावोगावी आहे. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. सज्ञान मुलाचं उत्पन्न त्यात धरत नाहीत.

६५ वर्षांवरच्या निराधार आणि गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, आणि अर्ज तहसील कार्यालयात होतो. आपल्या उदाहरणातलं घर त्यात बसत नाही, पण तुमच्या मावशी-आत्याचं बसत असेल. वडील एसटीतून किंवा गिरणीतून निवृत्त झाले असतील तर भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन सुरू आहे का आणि हयातीचा दाखला वेळेवर जातो का, तेही बघा. तो दाखला राहिला की पेन्शन थांबते.

ठोक्याचे वर्षाला ६०,००० येतात असं धरू, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. मात्र ते एकदम हातात पडतात आणि पाहुण्यारावळ्यांत, लग्नकार्यांत संपतात. ती रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवून दरमहा ५,०००च काढायचे, एवढी शिस्त लागली तरी पुरे.

पायरी दुसरी: ठेवी कुठे आहेत?

वडिलांकडे ७ लाखांची ठेव आहे आणि ती पतसंस्थेत आहे, असं समजा. आपल्याकडे पतसंस्थांचं जाळं दाट आहे. ओळखीचा कर्मचारी, दारात येणारा एजंट आणि बँकेपेक्षा थोडं जास्त व्याज यांमुळे वृद्धांचा ओढा तिकडे असतो. संस्था चांगली की वाईट, हा इथला प्रश्न नाही. प्रश्न कायद्याचा आहे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे तिथल्या ठेवीला हे संरक्षण नाही.

विमा असण्या-नसण्याने काय फरक पडतो, ते मलकापूरने पाहिलं आहे. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि जुलै २०२३ मध्ये तिचा परवाना रद्द केला. त्या वेळी ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदार विम्यातून आपली पूर्ण रक्कम मिळायला पात्र होते. ज्यांची एकाच नावावर ५ लाखांपेक्षा जास्त रक्कम होती, त्यांच्या वरच्या पैशाला विमा नव्हता. म्हणून एका बँकेत, एका नावावर, व्याज धरून ५ लाखांच्या आतच ठेवा.

साठी ओलांडलेल्यांना पोस्टात आणि ठरावीक बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना मिळते. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत, मुदत पाच वर्षं. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, पण ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला खात्यात जमा होतं. पतसंस्थेतली ठेव मुदत संपल्यावर काढून ६ लाख या योजनेत टाकले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १२,३०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,१०० मिळतील. उरलेला १ लाख बँकेत हाताशी राहू द्या, कारण ही योजना मुदतीआधी मोडली तर कपात होते.

आता बेरीज करू. सरकारी हप्ते १,०००, ठोका ५,००० आणि व्याज ४,१००, असे एकूण १०,१००. खर्च १४,०००. म्हणजे तूट ३,९०० रुपयांची. मुलाने भरायची रक्कम एवढीच आहे, आणि ती आधीच माहीत आहे.

पायरी तिसरी: दवाखाना

महिन्याचा हिशेब कितीही नीट बसवला तरी अकोल्याच्या किंवा संभाजीनगरच्या एका दवाखान्याच्या बिलाने तो मोडतो. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातले वडील यात येतात. ६६ वर्षांच्या आईसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिथेही कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधारवरची जन्मतारीख आणि रेशनकार्डावरची नावं आजच जुळवून घ्या. योजनेतली जवळची रुग्णालयं कोणती, ते कागदावर लिहून आईच्या फोनजवळ लावा. रात्री दोन वाजता कुणी संकेतस्थळ शोधत बसत नाही.

गाडीभाडं, बाहेरची औषधं आणि सोबतच्या माणसाचा खर्च योजनेत बसत नाही. बँकेत ठेवलेला १ लाख यासाठीच आहे. तो मोडला की आधी तो भरून काढायचा.

पायरी चौथी: तुमची पेन्शन, त्याच तारखेला

पगार जमा होतो त्याच दिवशी बँकेला दोन स्थायी सूचना द्या. पहिली स्वतःच्या निवृत्तीच्या खात्यासाठी, दुसरी आई-बाबांच्या ३,९०० रुपयांसाठी. पहिली रक्कम उरलं तर टाकू असं ठरवाल, तर ती कधीच उरणार नाही.

हा मुलगा महिन्याला ५,००० रुपये पीपीएफमध्ये टाकतो आणि दर ७.१ टक्केच राहतो, असं धरू. २० वर्षांनी, म्हणजे ५८व्या वर्षी, सुमारे २५ लाख ८० हजार होतात. तेच पाच वर्षं उशिरा सुरू केलं तर सुमारे १५ लाख ८० हजार. भरायचे वाचले ३ लाख आणि हातातून गेले १० लाख. पीपीएफची मूळ मुदत १५ वर्षांची असली तरी ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

एवढ्याने भागणार नाही, हेही लक्षात घ्या. आज १४,०००त चालणारं घर ६ टक्के महागाईने २० वर्षांनंतर महिन्याला जवळपास ४५,००० मागेल. म्हणून पगार वाढेल तशी ही रक्कम वाढवायची आणि नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वळवायचा.

खामगाव-मेहकरात दुकान किंवा छोटा धंदा असलेल्या आणि आयकर न भरणाऱ्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४०. साठीनंतर महिन्याला ५,००० रुपये हवे असतील तर ३५व्या वर्षी सुरू केल्यास हप्ता ९०२ रुपये, ४०व्या वर्षी १,४५४. पाच वर्षांच्या उशिराची किंमत इथेही स्पष्ट दिसते.

पायरी पाचवी: कागद

सातबारावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वडिलांचा किसान हप्ता आणि पीककर्ज, दोन्ही अडकतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद करणारी 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर राबवली गेली. तुमच्या घरची नोंद राहिली असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे जा.

बँक खातं दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीचं करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात. पण नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. मालकी कुणाला, हे मृत्युपत्राने ठरतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि नोंदणी ऐच्छिक आहे.

जमीन किंवा घर हयातीत मुलांच्या नावावर करण्याची घाई मात्र आई-बाबांना करू देऊ नका. करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहा. तशी अट असूनही सांभाळ झाला नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची असते.

पायरी सहावी: भावंडं

याच कायद्यानुसार आई-वडिलांच्या सांभाळाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांचीही आहे. गावात राहणारा भाऊ दवाखान्यात नेतो, रात्री उठतो, बाजार आणतो. ते पैशात मोजलं जात नाही, म्हणून त्याच्या वाट्याची रोख रक्कम कमी असणं रास्त आहे. ३,९०० रुपयांत कुणाचे किती, हे एकदाच ठरवा आणि सगळ्यांसमोर लिहून ठेवा. न बोललेला हिशेब पुढे वाटणीच्या वेळी भांडण होऊन बाहेर येतो.

दिवाळीला सगळे घरी असता आणि सोयाबीनचे पैसेही तेव्हाच हाताशी आलेले असतात. तेव्हा पासबुकं, सातबारा, आधार आणि एक कोरी वही घेऊन दोन तास बसा. आई-बाबांची मिळकत, खर्च आणि तूट एका पानावर लिहा. स्वतःचं वय, दरमहा टाकायची रक्कम आणि निवृत्तीचं वर्ष समोरच्या पानावर. आई-बाबांचा खर्च भागवताना तुमचं पान कोरं राहिलं, तर वीस वर्षांनी हीच तूट तुमच्या मुलांना भरावी लागेल. म्हणून दोन्ही पानं एकाच दिवशी भरा.